तळ्याच्या आधीचं झाड

अक्का,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोललो. बोललो म्हणजे बोलायला लावलं. घरात एक लेखक पाळलेला असला की अशा वेळी त्याला बाहेर काढतात. वंदना झाली, दोन पाहुणे बोलले, मग माझं नाव पुकारलं. मी उठलो, चार पुस्तकांच्या अनुभवानं डोळे जरासे मिटले आणि म्हणालो, "अक्का म्हणजे आम्हां सगळ्यांची सावली होती."

मंडपात दोन-तीन बायकांनी पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, जमलं. खाली येऊन बसलो तर शेजारी दाजी. तुझ्यासमोर जन्मभर गप्प राहिलेला तुझा नवरा. ते माझ्या कानाशी आले.

"सावलीच म्हणलास व्हय?"

"हो."

"तिनं ऐकलं असतं तर मंडपातून उठून गेली असती."

खरंय. आपलं भांडण सावलीवरूनच चालू होतं आणि ते अर्धं ठेवून तू गेलीस. एरवी तू भांडण अर्धं सोडणाऱ्यातली नव्हतीस. स्टँडवर एस्टी सुरू झाली तरी खिडकीला धरून शेवटचं वाक्य तूच म्हणायचीस. या वेळी शेवटचं वाक्य माझ्याकडं राहिलंय, आणि ते मला जड झालंय. म्हणून हे लिहायला बसलो. तू जन्मलीस कधी, शिकलीस किती, मागं कोण आहे, हे पेपरात आलंय. त्यात तुझं वय दोन वर्षांनी कमी छापलंय. तेवढी चूक तू चालवून घेशील.

तुला आठवतं का, माझी पहिली गोष्ट दिवाळी अंकात आली तेव्हा मी किती ताठ चालत होतो? नांदेडहून अंकाच्या पाच प्रती घेऊन गावी आलो होतो. तू माहेरी आलेली होतीस. तू ओसरीवर बसून अख्खी गोष्ट वाचलीस, अंकाची गुंडाळी केलीस आणि म्हणालीस, "चल."

"कुठं?"

"रानात. चप्पल घाल."

आदल्याच दिवशी परतीचा पाऊस होऊन गेला होता. ओढ्याकाठच्या आपल्या त्या काळ्या पट्टीत तू मला उतरवलंस आणि स्वतः बांधावर उभी राहिलीस. अंक उघडलास. माझंच वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवलंस: "'बातमी कळताच तो भर श्रावणात शेतातून वाऱ्यासारखा धावत सुटला.' हं. धाव."

"अक्का, अगं..."

"धाव म्हणते ना!"

मी धावलो. तिसऱ्या पावलाला डावी चप्पल रानात राहिली. चौथ्याला उजवी. पाचव्याला मी स्वतः. तू बांधावर पोट धरून हसत होतीस आणि मी ढोपरापर्यंत काळ्या चिखलात बसून विचार करत होतो की अंकाच्या पाच प्रती कुणाकुणाला वाटल्यात.

हात देऊन वर ओढताना तू जे बोललीस, ते पुढं मला कुठल्या शिबिरात, कुठल्या चर्चासत्रात कुणी सांगितलं नाही. तू म्हणालीस, "काळ्या रानात माणूस बोलत न्हाई रे गौत्या, पाय उपसतो. बोलायचं असलं तर बांधावर येतो. तुझी माणसं चिखलात हुभी ऱ्हाऊन भाषण करून राहिलीत."

त्यानंतर तो तुझा रिवाजच झाला. माझी प्रत्येक गोष्ट तू आधी वाचायचीस आणि मग चालून बघायचीस. विहिरीपासून माळापर्यंत जाताना दोघं एवढं बोलतात का, एवढ्या वेळात वाट संपते का, चढावर दम राहतो का. बसल्या जागी गोष्ट पटली तरी तुला पुरायचं नाही. ती तुझ्या पायांनाही पटायला लागायची. मी नांदेडात भाड्याच्या खोलीत पंख्याखाली लिहायचो आणि तू अहमदपूरच्या बाजूला उन्हात माझी वाक्यं चालत जायचीस. निम्मी परत पाठवायचीस. "हे बसून लिव्हलंय," म्हणायचीस. तुझ्या तोंडून यापेक्षा वाईट शेरा मी ऐकला नाही.

मग मीही बघायला लागलो. आपल्या शिवारातली सगळी महत्त्वाची बोलणी खरंच बांधावर होतात. सोयरीक बांधावर ठरते, भाऊ बांधावर तुटतात. माळावर वेगळंच. तिथं वारं इतकं की लांब वाक्य समोरच्यापर्यंत पोचत नाही, अर्ध्यातच उडून जातं. म्हणून माळावरची माणसं "हाव" म्हणतात, "न्हाई" म्हणतात आणि चालायला लागतात. मी तसं लिहायला लागलो आणि लोक मला लेखक म्हणायला लागले. एका समीक्षकानं लिहिलं की माझ्या तुटक संवादांमागं आधुनिक माणसाचं एकटेपण आहे. मी ते कात्रण खिशात घालून खास तुला दाखवायला आलो. तू दोनदा वाचलंस.

"एकटेपण कशाचं? माळावर वारं हाय."

तो समीक्षक आता मोठ्या पदावर आहे. त्याला मी हे अजून कळवलेलं नाही.

मग तुझा जिल्हा नवा झाला. तुला दिलेलं ओढ्यापलीकडं. आपलं गाव नांदेड जिल्ह्यात, तुझं उस्मानाबादेत. घरून निघालं की तासाभराची पायवाट, पण कागदावर तू फार लांब. दाजींना कचेरीचं काम निघालं की ते शिदोरी बांधून दोन दिवसांसाठी जायचे. लातूर जिल्हा झाला तेव्हा पुढच्याच आठवड्यात तू माहेरी आलीस आणि उंबऱ्यातूनच मला म्हणालीस, "आता नीट बोलायचं माझ्याशी. मी लातूरची हाय."

मला त्यात गोष्ट दिसली. मला त्या काळात कशातही गोष्ट दिसायची. ओढा म्हणजे सीमा, अलीकडं भाऊ, पलीकडं बहीण, मध्ये सरकारनं ओढलेली रेघ. मी लिहून काढली. शेवटी बहीण पाण्याच्या काठावर उभी राहून पलीकडच्या दिव्याकडं बघते. लिहिताना माझे मलाच डोळे भरून आले.

तू वाचलीस आणि म्हणालीस, "कसली सीमा रे? सकाळी ओढ्यावर धुणं धुते तव्हा अर्धं धुणं नांदेड जिल्ह्यात वाळतं. तिकडचे खडक मोठे हायत."

ती गोष्ट मी फाडली. खरं सांगायचं तर फाडली नाही, कपाटात ठेवली. पण त्या जागी धुण्याची गोष्ट लिहिली आणि तिच्यावर लोक हसले, मग थोडं गप्प झाले. मला तेव्हा उमगलं की आपला ओढा माझ्यापेक्षा बरा लिहितो. मी फक्त आडवं यायचं नाही.

एवढं शिकून मी दुष्काळाच्या गोष्टीत पुन्हा आडवा आलो.

बहात्तरच्या दुष्काळात तू सातवीत होतीस. मला लोह्याच्या वसतिगृहात ठेवलं, कारण तिथं दोन वेळचं जेवण होतं. तुझी शाळा सुटली आणि तू आईबरोबर माळावरच्या पाझर तलावाच्या कामावर गेलीस. मुरूम खणायचा, पाटीत भरायचा, डोक्यावर घेऊन भिंतीवर चढायचं, टाकायचा, उतरायचं. सगळं कामावरच्या दुसऱ्या बायांसारखंच. मी हे पाहिलेलं नाही. सुट्टीत आलो तेव्हा भिंत बांधून झाली होती आणि तुझे तळहात मला खेळायला घेण्यासारखे राहिले नव्हते. शाळा सुटली तेव्हा तुला कसं वाटलं, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं नाही, पण लिहिलं.

त्या गोष्टीसाठी मी लई कष्ट घेतले होते, अक्का. तुझ्या धाकानं पहिल्यांदाच आधी जागा बघायला गेलो. तलावाच्या भिंतीखाली एक भलंमोठं कडुलिंबाचं झाड. मी भिंतीपासून झाडापर्यंतची पावलं मोजली, बावीस भरली. वहीत लिहिली. सावली कुठंवर पडते तेही लिहिलं. मनात म्हटलं, आता बोल. मग गोष्टीत दुपारच्या सुट्टीत ती पोर त्या लिंबाखाली बसते, कमरेला खोचलेलं शाळेचं पुस्तक काढते आणि पानभर स्वतःशी बोलते. शेवटी रडते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं पान ते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो लिंब आला. एका कॉलेजात मला बोलावून प्राध्यापकांनी मुलांना सांगितलं, हे झाड म्हणजे आई. मी मान डोलावली. माझ्या तोवर ते लक्षात आलं नव्हतं.

तू गोष्ट वाचलीस. चहा टाकलास, गाळलास, माझ्यापुढं ठेवलास.

"झाड लई चांगलं लिव्हलंस."

मी फुललो.

"ते तळ्याच्या ओलीवर आलंय."

"हो ना. केवढं झालंय!"

"तळं आमी बांधलं."

"हो."

"मग आमच्या आधी झाड कसं आलं रे तिथं?"

चहा खाली ठेवला मी. वीस वर्षांनी उगवलेलं झाड मी दुष्काळात नेऊन लावलं होतं, पावलं मोजून. तू सांगितलंस की त्या साली तिथं उभं असं काहीच नव्हतं. जे होतं ते आधीच जनावरांच्या पोटात आणि चुलीत गेलं होतं.

मी म्हणालो, "अक्का, ही गोष्ट आहे. झाडाचं वय कोण तपासतंय?"

"मी."

"वाचकाला एवढं..."

"वाचक काय मुरूम वाहायला आला व्हता व्हय?"

मग हे चालूच राहिलं. तुझ्याकडं आलो की पाणी देण्याआधी तू विचारायचीस, "झाड तोडलंस का?" मी म्हणायचो, नाही. नव्या आलेल्या सुनेला वर्षभर वाटत होतं की आपला बांधावरच्या झाडाचा वाद तहसिलीत चालू आहे. तिनं एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, जाऊ द्या ना, एका झाडासाठी बहीण-भावात भांडण कामून?" मी म्हणालो, "कागदपत्रं माझ्या बाजूनं आहेत."

खरं कारण तुला कधीच सांगितलं नाही. आज सांगतो. झाड गेलं तर माझं सगळ्यात गाजलेलं पान जातं, ही भीती होतीच, ती मी नाकारत नाही. पण आणखी एक होतं. तू उन्हात होतीस तेव्हा मी लोह्यात छपराखाली पाढे म्हणत होतो. झाड तुझ्यासाठी लावलं असं मी मला सांगत आलो. लावलं मी माझ्यासाठी. तू तिथं दहा मिनिटं बसलीस असं एकदा छापून आलं की मला जरा बरं झोपता यायचं.

या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं तेव्हा तुझा फोन आला. खुशीत होतीस. "बघ, आमचा जिल्हा! पाणीबी रिझर्वेशन करून येतंय. तुमचं नांदेड गोदावरी उशाला घेऊन बसलंय, काय उपेग?" मी म्हणालो, विष्णुपुरीचं धरणही तळाला गेलंय. तू म्हणालीस, "तर मग पाणी जपून वापर, लई लिहू नको." मग मी सांगितलं की पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, प्रुफं टेबलावर आहेत.

"झाड?"

मी तुला फोनवर व्याख्यान दिलं. वाचकाला थांबायला जागा लागते. पोरीलाही लागते. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मी तुला तिथं बसवलं, अक्का. एवढं तरी करू दे की मला."

टाकी भरल्याचा की टँकर आल्याचा, मागून बायांचा गलका येत होता.

"गौत्या, मी बसले असते तर आईला दोन पाट्या उचलाव्या लागल्या असत्या," तू म्हणालीस. आवाज एकदम मऊ. "आन् सावली व्हती की आमाला. तू लिव्हली ती न्हवं. दुसरी. ये एकदा, दावते."

"बघू," मी म्हणालो. "प्रुफं झाली की येतो."

चार दिवसांनी दाजींचा फोन आला.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी नांदेडला निघणार होतो. दाजी म्हणाले, दुपारी जा. बारा वाजता त्यांनी एक जुनी पाटी आणि चुंबळ घेतली आणि मला तलावाकडं घेऊन गेले. तलाव ठणठणीत कोरडा. तळाला भेगा पडलेल्या, पाय जाईल एवढ्या. लिंब तेवढा हिरवागार उभा. मी सवयीनं त्याच्याकडं वळलो.

"तिकडं न्हाई," दाजी म्हणाले. "ती सांगून गेलीय, गौत्याला हिकडून चढव."

त्यांनी मुरूम भरायला घेतला. पाटी अर्धी झाल्यावर थांबले. "तुला एवढी बस. तू लेखक हाईस."

चुंबळीवर पाटी ठेवली. मी भिंत चढायला लागलो. मला वाटलं, एवीतेवी आलोय तर तुझ्या पद्धतीनं करू, त्या पोरीचं पानभर स्वगत म्हणत चढू. पाठ आहे मला. किती ठिकाणी वाचून दाखवलंय. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्यात दम गेला. तिसरं वाक्य मला आठवतसुद्धा नव्हतं. मागून दाजींनी विचारलं, "जड हाय का?" मी म्हणालो, "हाव." त्या चढावर एवढंच निघतं, अक्का. पानभर बोलणारी माझी पोर त्या भिंतीवर कधी चढलीच नव्हती.

आणि अर्ध्या चढावर मला कळलं. डोक्यावर ऊन आग ओकत होतं, खांदे भाजत होते, पण तोंड गार होतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत पाटीची सावली पडली होती. वर पोचलो, मुरूम ओतला, पाटी हातात घेतली आणि ऊन तोंडावर आदळलं.

"ती म्हणायची," दाजी सांगत होते, "भरली पाटी असली की डोळे उघडे ऱ्हात्यात. रिकामी पाटी घेऊन उतरताना पोळतं. पाटी उलटी धरली की मुकादम म्हणायचा, नखरे नकोत. म्हणून बाया उतरताना पळायच्या. लवकर भरून घ्यायला."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मी भिंतीवर खाली बसलो. तू मला सांगणार होतीस. हसत सांगितलं असतंस, माझ्या डोक्यावर पाटी ठेवून, मी हेलपाटलो की पोट धरून. मी प्रुफं आधी वाचत होतो.

नांदेडला आलो आणि प्रकाशकांना फोन केला. म्हणालो, दुष्काळाच्या गोष्टीतलं झाड काढतोय.

"अहो, मुखपृष्ठावर आहे ते!"

"बदला."

"स्वगत?"

"तेही जातंय."

"लोक त्या पानासाठी पुस्तक घेतात, साहेब." माणूस भला आहे, त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "मग ती पोर दुपारी बसणार कुठं?"

"बसत नाही ती."

मग ते म्हणाले, पाठवा तुम्ही, बघतो.

आज दिवसभर तेच पान लिहितोय. लिहिताना खोलीतल्या खोलीत चाललो, डोक्यावर शब्दकोश ठेवून. बायको दारातून बघून गेली. तू गेल्यापासून ती मला सांभाळून घेतेय. पान आता निम्म्याहून कमी झालंय. एक पोर भरली पाटी घेऊन चढते. तोंडावर सावली. मुरूम टाकते आणि पळत उतरते. आई विचारते, जड हाय का. ती म्हणते, न्हाई. पुन्हा चढते. मी लिहिलेलं इतकं छोटं पान दुसरं नाही, आणि इतकं भरवशाचंही नाही. हे चालून बघायला तू नाहीस, तरी या वेळी मला भीती वाटत नाही.

तिच्या मनात काय चाललंय, ते मात्र लिहिलेलं नाही. ते तू सांगितलं असतंस, मी विचारलं असतं तर. माझ्या अंदाजानं ती जागा भरायची नाही असं ठरवलंय. तिथं एक ओळ मोकळी सोडलीय. प्रुफं तपासणाऱ्याला वाटेल की काही गळालंय, म्हणून बाजूला समासात लिहून ठेवलंय, ही ओळ अशीच राहू द्यावी, ती माझ्या बहिणीची आहे.